रोजच्या जेवणातला आंबा: बाळकैरीपासून कोयीपर्यंत

परसदार:

आंब्याचा विषय निघाला की बोलणं थेट हापूसच्या पेटीवर जातं. देवगड की रत्नागिरी, पेटी कितीला पडली, साका निघाला का. हापूस मलाही जिवापाड आवडतो. पण आंब्याचे दिवस फाल्गुनात कैऱ्या धरतात तेव्हा सुरू होतात आणि मिरगाचा पाऊस पडून रायवळ (कोयीतून उगवलेल्या झाडांचे गावठी आंबे) संपेपर्यंत चालतात. या तीन-चार महिन्यांत घरी दोन्ही वेळा स्वयंपाक होतच असतो. त्या रोजच्या स्वयंपाकात आंबा कुठे कुठे घालता येतो ते एका जागी असावं म्हणून हा धागा काढते आहे. आम्रखंड, केक, आइस्क्रीम यांवर पुष्कळ लिहून झालंय. इथे आमटी, कालवण, चटणी, कोशिंबीर, भात यांच्याबद्दल बोलूया.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी आंबा हातात घेऊन बघायचा आणि मग पदार्थ ठरवायचा. पाककृतीत 'एक कैरी' लिहिलेलं असतं, पण कुठली? कोय न धरलेली बाळकैरी सुरीने आरपार कापली जाते. ती आंबट कमी आणि तुरट जास्त असते, तिला मीठ-मिरची किंवा खार बरा. कोय धरलेली, टणक, आतून पांढरी कैरी खरी आंबट. आमटी, पन्हं, लोणचं, साखरांबा सगळं तिचं. पाडाला आलेली कैरी आतून पिवळसर होते आणि तिच्यात गोडवा उतरलेला असतो. तिची आंबटगोड चटणी किंवा आमटी अप्रतिम होते, पण लोणच्यात ती मऊ पडते. आणि पिकलेला आंबा शिजवायचा असेल तर तो रायवळच हवा. हापूस शिजवला की त्याचा वास उडतो आणि मागे नुसता गोड गर राहतो.

आता रोजची आमटी. आमच्याकडे (दक्षिण रत्नागिरी) चैत्र-वैशाखात आमसुलाचा डबा मागे जातो. तूरडाळ आधी पूर्ण शिजवून घोटून घ्यायची आणि मगच सालासकट कैरीच्या फोडी घालायच्या. हा क्रम बदलू नका. आंबट लागलं की डाळ शिजायची थांबते, मग कितीही उकळा, ती पाण्यावर वेगळी राहते. फोडी मऊ झाल्या की गूळ, गोडा मसाला, ओलं खोबरं. चवळीच्या आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीलाही हाच नियम. दडप्या पोह्यांत लिंबाऐवजी कैरीचा कीस घालून पोहे झाकून ठेवा, कैरीच्या आणि नारळाच्या पाण्यावर ते छान मऊ होतात.

आणि रायवळ पिकले की रायतं. आठ-दहा लहान आंबे सोलून, कोयीसकट, पातेल्यात ठेवायचे. साली थोड्या पाण्यात चोळून ते पाणीही त्यातच. वाटीभर ओलं खोबरं आणि दोन-तीन सुक्या मिरच्या वाटायच्या, वाटण होत आलं की शेवटी चमचाभर मोहरी घालून एकदा फिरवायचं. मोहरी फार वाटली की कडवट होते. मीठ आणि आंब्याच्या आंबटपणाप्रमाणे गूळ घालून सगळं हलक्या हाताने कालवायचं. विस्तवावर अजिबात ठेवायचं नाही. तासाभराने मोहरी नाकात चढायला लागते, तेव्हा गरम भाताबरोबर वाढायचं आणि कोय चोखत जेवायचं.

तुमच्याकडचं लिहा. नुसती नावं नकोत, कशी कैरी घेता आणि केव्हा घालता तेही सांगा.

तिरफळ:

परसदारताई, विषय काढलात ते फार बरं केलंत. आमच्या सिंधुदुर्गात कैरी म्हटली की आधी मासे आठवतात.

कोळंबीच्या कालवणात या दिवसांत कोकम पडतच नाही. ओलं खोबरं, धणे, लाल मिरची, हळद, थोडा कांदा यांचं वाटण. ते उकळलं की कैरीच्या लांब फोडी, त्या अर्ध्या शिजल्या की कोळंबी. कोळंबीला पाच-सात मिनिटं पुरतात, जास्त शिजली की रबरासारखी होते, म्हणून कैरी आधी. बांगड्याच्या तिखल्यात मात्र मी दोन्ही एकदमच घालते, पळी न लावता पातेलं हलवते, नाहीतर मासा मोडतो. वरून ठेचलेली चार तिरफळं.

सगळ्यांत जास्त होतो तो सुका जवळा. कोरडा भाजायचा, चाळून रेती काढायची, मग भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद आणि बारीक चिरलेली कैरी. कैरी शेवटी, ती थोडी करकरीत राहायला हवी. भाकरीबरोबर याच्यापुढे मला दुसरं काही नको.

आखाजी:

जळगावकडचं लिहितो. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होईपर्यंत पिकलेला आंबा घरात खात नाहीत. त्या दिवशी पितरांना आमरसाचा घास जातो आणि मग घरातली माणसं रस खातात. आताच्या मुलांना एवढं थांबवत नाही, पण आमच्या घरी अजून पाळतात.

रस गावरान आंब्याचा, हाताने पिळलेला. मिक्सरमधून काढलेला रस एकजीव दिसतो, पण त्यातला दोरा तुटतो आणि रस खाल्ल्यासारखा वाटत नाही. वाटीत साजूक तूप आणि चिमूटभर सुंठ. सोबत खापरावरची पुरणाची पोळी, म्हणजे मांडे. सणाचं झालं हे, पण त्यानंतर महिनाभर रोजच्या दुपारी रस, साधी पोळी, कुरडया आणि एखादी झणझणीत भाजी एवढंच जेवण असतं. रस असला की बाजूला तिखट काहीतरी लागतंच. त्याच्याशिवाय दुसरी वाटी जात नाही.

रसात दूध घालायचं की नाही यावर घरोघरी मतं वेगळी. गावरान आंबट असेल तर घालू नये, दूध फाटतं.

मोहोर:

मला नेमकं विचारायचंय. पन्हं उकडलेल्या कैरीचं की कच्च्या किसाचं? सासरी उकडतात, माहेरी किसतात, आणि दोन्हीकडे आपलंच खरं पन्हं म्हणतात.

परसदार:

दोन्ही खरी, पण दोन्हींचं काम वेगळं. उकडलेल्या कैरीचा गर काढून त्यात दुपटीच्या आसपास गूळ, मीठ, वेलची घालून बरणी भरून ठेवली की फ्रिजमध्ये पंधरा दिवस सहज राहते. लागेल तेव्हा पाण्यात कालवायचं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्नास बायका यायच्या असतील तर हेच सोयीचं. कच्च्या किसाचं पन्हं ताजं करून ताजंच संपवायचं. त्याला कोवळ्या कैरीचा करकरीत वास असतो, जो उकडल्यावर जातो. कैरीतलं क जीवनसत्त्वही उष्णतेने कमी होतं, म्हणजे त्या बाजूनेही कच्चं पन्हं सरस. फक्त कैरी खूप आंबट असेल तर कीस पाण्यात चोळून गाळून घ्या, तसाच ठेवलात तर घशाला लागतो.

वऱ्हाडी ठेचा:

तिसरं पन्हं राहिलं की. भाजलेल्या कैरीचं. चुलीच्या निखाऱ्यात, राखेत पुरून कैरी भाजायची, साल काळी पडून आतला गर लिबलिबीत झाला पाहिजे. तो गर, गूळ, भाजलेलं जिरं, काळं मीठ. त्याला जो धुराचा वास येतो तो उकडलेल्याला कुठून येणार? शहरात गॅसवर जाळी ठेवून भाजा, वांगं भाजतो तसंच. नागपूर-अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत दुपारी बाहेरून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी हे देतात.

आणि रसाबरोबर पोळीच कशाला? सरगुंडे करा. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून वाळवायची. मग उकडून रसात. शेवयाही तशाच. हल्ली सरगुंडे करणारे हात कमी झालेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांच्या घरी येत असतील त्यांनी पोरांना बसवून शिकवावेत.

कैरीची लुंजीही आमच्याकडे उन्हाळाभर असते. तेलात जिरं, बडीशेप, त्यावर सालासकट कैरीच्या फोडी, हळद, तिखट, पाण्याचा हबका, झाकण. मऊ झाल्या की गूळ. पाडाची कैरी याला उत्तम.

शितकडी:

गोव्याहून. खारातल्या कैरीचा, म्हणजे चेपणीच्या तोरांचा, उल्लेख अजून कोणीच केला नाही? पेजेबरोबर वर्षभर लागणारी वस्तू आहे ही. कोवळ्या, कोय न धरलेल्या, डाग नसलेल्या कैऱ्या देठासकट उतरवून घ्यायच्या. पडलेल्या चालत नाहीत, मार लागलेली एक कैरी अख्खी बरणी नासवते. धुऊन, पुसून पूर्ण कोरड्या करून चिनी मातीच्या बरणीत जाड्या मिठाबरोबर थरावर थर. किलोला साधारण पाव किलो मीठ. वर वजन ठेवायचं म्हणजे कैऱ्या सुटलेल्या पाण्याखाली राहतात. पाणी कमी सुटलं तर उकळून गार केलेलं मिठाचं पाणी ओतायचं. महिन्याभरात सुरकुततात. मग ऐन पावसात एक तोर काढायची, कुस्करायची, त्यात हिरवी मिरची, हिंग, खोबरेल तेलाचे दोन थेंब. भाजी नसली तरी जेवण होतं.

पिकलेल्या घोटांचं, म्हणजे लहान रायवळ आंब्यांचं, सासव आमच्याकडेही होतं, परसदारताईंच्या रायत्याच्या जवळचंच. फरक एवढा की आम्ही घोटं गुळाच्या पाण्यात जरा गरम करून घेतो आणि वाटण नंतर घालतो. काहीजण त्यात अननस आणि द्राक्षंही घालतात. मला ते आवडत नाही, सासवात नुसता आंबा पुरे. आणि हो, मानकुराद कापूनच खायचा. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याबाहेर त्याचं नाव पोचायला त्याची मदत व्हावी असं फार वाटतं.

चाळीतली चूल:

सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं. पण मुंबईत रायवळ आणायचे कुठून? 'रायवळच हवा' म्हटलं की आमच्यासारख्यांनी रायतं करायचंच नाही का? मी पायरीचं करते आणि चांगलं होतं.

परसदार:

करा, जरूर करा. पायरीला आंबूस झाक असते, दोरा असतो, त्यामुळे ती चालते. नीलमही चालेल, तो जूनमध्ये स्वस्त होतो. पायरी फार गोड निघाली तर वाटणात कैरीची एक फोड घाला, म्हणजे गुळाला जागा होते. मी अडून बसते ते फक्त हापूसपाशी. रायत्यात मोहरी आणि मिरची त्याच्या वासावर बसतात, मग तो हापूस आहे हे कळतही नाही. तो कापून नुसता खाल्लेलाच बरा.

आणि रायवळ शोधत राहा. दादर, ठाणे, पार्ल्याच्या बाजारात मेअखेर टोपलीतून आंबे घेऊन बसलेल्या बायका असतात, त्यांच्याकडे असतात. रायवळाला गिऱ्हाईक राहिलं तरच ती झाडं उभी राहतील. कलमी आंब्यासारखी ती कोणी मुद्दाम लावत नाही. कोयीतून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, केळ्या ही नावं गावोगाव त्या त्या झाडाच्या चवीवरून पडलेली. झाड तुटलं की ती चव परत कुठल्याच कलमातून येणार नाही.

तिरफळ:

याला माझं शंभर वेळा अनुमोदन. आमच्या वाडीत रस्त्याच्या कामात जुने रायवळ गेले. त्यातल्या एकाचं लोणचं अख्ख्या वाडीत व्हायचं, फोड दोन वर्षं मऊ पडत नसे.

बडोद्याची:

आम्ही बडोद्याचे मराठी, कित्येक पिढ्या इथेच. घरात आमरसही होतो आणि शेजाऱ्यांकडून आलेला फजेतोही. रस काढून झाला की कोयी आणि साली पाण्यात चोळून घ्यायच्या. ते पाणी आणि आंबट ताक समप्रमाणात, त्यात थोडं बेसन, आलं-मिरची, हळद, मीठ. तुपात जिरं, मोहरी, मेथीदाणे, लवंग, कढीपत्ता, सुकी मिरची यांची फोडणी. मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणायची, ढवळणं थांबलं की फुटते. आंबटगोड, तिखट, पिवळीधमक कढी होते. भाताबरोबर तर छानच, पण मला ती वाटीतून प्यायला आवडते. रस काढल्यानंतर साली-कोयींना लागलेला गर फेकून देणं इथे कोणालाच पटत नाही, आणि ते मला फार आवडतं.

इथे केशर आणि राजापुरी मुबलक. राजापुरी कैरी मोठी, दळदार, दोरा कमी, म्हणून छुंद्याला तीच. कीस, साखर, हळद, मीठ बरणीत भरून, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायचं. रोज ढवळायचं, साखरेचा पाक उन्हातच होतो. शेवटी तिखट आणि जिरेपूड. उन्हातल्या छुंद्याचा रंग गॅसवरच्याला येत नाही.

सातासमुद्रापार:

न्यू जर्सीहून. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला परवानगी दिली, लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पेट्या यायला लागल्या, तेव्हा इथे केवढा आनंद झाला होता. पण त्या पेट्या महाग, विमानाने येतात. रोजच्या स्वयंपाकाला त्या परवडत नाहीत. तेव्हा माझे प्रश्न: इथल्या दुकानात मेक्सिकोचे टॉमी ॲटकिन्स, केंट आणि अताउल्फो मिळतात. कशाचं काय करावं? भारतीय दुकानात कैरी मिळते, पण कधी अगदी सुकलेली असते. आणि साठं (आंबापोळी) घालायला इथे तसं ऊन नाही.

परसदार:

मला त्या आंब्यांचा अनुभव नाही. कोणी सांगेल का?

उंबरठा:

मी टेक्सासमध्ये राहते, माझ्या पद्धती सांगते.

टॉमी ॲटकिन्स रसाला घेऊ नका, दोराच दोरा आणि वास कमी. पण टणक, हिरवा बघून घेतला तर कैरीसारखा वापरता येतो. आपल्या कैरीइतका आंबट नसतो, म्हणून आमटीत त्याच्याबरोबर आमचुराची चिमूट घालते. मेथांब्याला तर तो चांगला, गूळ कमी लागतो. केंटला दोरा कमी, तो कोशिंबिरीला आणि साल्साला. अताउल्फो लहान, पिवळा, कोय पातळ, गर लोण्यासारखा. त्याच्या सालीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबा, मग रस काढा. हापूस नव्हे, पण पोळीशी खाताना मन भरतं. डब्यातला हापूसचा गर घेताना बाजूचं वाचून घ्या, बहुतेकांत साखर घातलेली असते. बिनसाखरेचा मिळाला तरच सासव-रायत्यासारख्या तिखट पदार्थाला वापरा.

साठ्यासाठी ओव्हन सत्तर अंश सेल्सिअसच्या आत ठेवायचा, दार किंचित उघडं. तूप लावलेल्या कागदावर रस अगदी पातळ पसरायचा. पाच-सहा तासांत एक थर वाळतो, मग दुसरा. उन्हातल्या साठ्याचा गडद रंग येत नाही, चव मात्र येते.

पोळपाट:

मेथांब्याचा विषय निघालाच आहे तर विचारते. फोडी चिवट होतात, चामड्यासारख्या. काय कारण असेल?

परसदार:

गूळ लवकर पडत असणार. कैरी पूर्ण मऊ होण्याआधी गूळ किंवा साखर घातली की ती फोडीतलं पाणी ओढून घेते, आणि मग फोड शिजत नाही, आकसते. तेलात मेथीदाणे तांबूस होईपर्यंतच परता, काळे झाले तर कडूजहर. मोहरी, हिंग, हळद, मग फोडी आणि अगदी थोडं पाणी. झाकण. फोड बोटाने दाबली की दबली पाहिजे. त्यानंतर तिखट, मीठ, गूळ. दोन वाट्या फोडींना वाटी ते दीड वाटी गूळ, कैरीच्या आंबटपणावर. गूळ विरघळून एक उकळी आली की बंद करा. गार होताना तो आणखी घट्ट होतो, म्हणून पातेल्यात पातळच दिसला पाहिजे.

साखरांब्यालाही तेच. कीस आधी वाफवून घ्यायचा आणि मग साखर. आणि हे सगळं स्टीलच्या पातेल्यात करा. कल्हई गेलेलं पितळ किंवा ॲल्युमिनियम कैरीला वापरू नका, आंबटाने कळकतं.

बेळगावी कुंदा:

आमच्याकडे कैरीचा चित्रान्न. सीमेवरचे आम्ही, पाडवा आणि उगादी दोन्ही मानतो, आणि त्या सुमाराला हा भात होतोच. मोकळा, पूर्ण गार झालेला भात. तेलात मोहरी, हरभरा डाळ, उडीद डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता, सुकी मिरची, हिंग, हळद. कैरीचा कीस या फोडणीत फक्त मिनिटभर परतायचा. जास्त परतला की आंबट पाणी सुटून भात गिचका होतो. काहीजण कीस, ओलं खोबरं, मोहरी, मिरची वाटून लावतात, ती चव वेगळी आणि जोरदार. डब्याला याच्यासारखा भात नाही, दुपारपर्यंत आंबत नाही.

मोहोर:

हा उद्याच करते. अजून एक काळजीचा प्रश्न. माझ्या लेकीला आंबा खाल्ला की ओठांभोवती पुरळ येतं. उष्ण पडतो म्हणून सगळे सांगतात. खरं का?

उंबरठा:

बऱ्याच वेळा तो चिकाचा त्रास असतो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि आंब्याच्या देठाच्या चिकात व सालीत त्वचेला झोंबणारे पदार्थ असतात. देठाकडचा भाग कापून टाका, आंबा तासभर पाण्यात ठेवा, धुऊन साल पूर्ण काढून फोडी द्या, चोखायला देऊ नका. तरीही पुरळ आलं, किंवा ओठ-डोळे सुजले, तर आंबा बंद करून डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा.

आखाजी:

कोयीबद्दल कोणी लिहा ना. धाग्याच्या नावात आहे.

बडोद्याची:

आमच्याकडे कोयींचा मुखवास होतो. रसाच्या कोयी धुऊन उन्हात कडकडीत वाळवायच्या, फोडून आतला गर काढायचा. तो मिठाच्या पाण्यात उकडला की तुरटपणा बराच उतरतो. मग पातळ काप किंवा कीस करून वाळवायचा आणि थोड्या तुपात परतून काळं मीठ लावायचं. जेवणानंतर चघळायला छान.

तिरफळ:

आम्ही लहानपणी चुलीत कोय भाजून आतला गर मिठाबरोबर खायचो. तुरट लागतो, पण एकदा सवय झाली की हात थांबत नाही.

चाळीतली चूल:

शेवटचा प्रश्न, मग मी बाजारात निघाले. कैरी वर्षभर कशी ठेवायची? लोणचं सोडून. माझ्याकडे गच्ची नाही, ऊन खिडकीपुरतं.

परसदार:

खिडकीतलं ऊन आंबोशीला पुरतं. टणक कैरी सोलून पातळ लांब काप करा, मीठ लावून रात्रभर ठेवा. सकाळी सुटलेलं पाणी निथळून काप ताटात पसरा. वर पातळ फडकं, धूळ आणि माश्यांसाठी. काप कडक वाजेपर्यंत वाळवा, मऊ राहिले तर पावसाळ्यात बुरशी धरते. काचेच्या बरणीत ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये चार काप पाण्यात भिजवून आमटीत किंवा माशाच्या कालवणात घाला आणि मीठ बेतानेच, कारण कापांत ते आहेच.

दुसरा उपाय म्हणजे फ्रीजर. कीस एकेका वेळेपुरता लहान पिशव्यांत भरून, हवा काढून सपाट ठेवा. फोडींपेक्षा कीस बरा, फोडी सुटल्या की पिळपिळीत होतात. हा कीस थेट उकळत्या आमटीत टाका, आधी बाहेर काढून ठेवू नका. कोशिंबिरीला तो चालणार नाही, आंबेडाळीलाही नाही, त्यांना ताजीच कैरी लागते.

आज बाजारात गेलात तर दाबून न दबणारी आणि गर्द हिरवी कैरी बघा, देठाला चीक असेल तर ती ताजी उतरवलेली. तोतापुरी घेऊ नका, ती तिखट-मीठ लावून खायला छान पण आंबटपणा कमी, आंबोशी फिकी होते.